विजेची तार व विजेची पेटी

आमच्या नेकनूर गांवांत वरातीपुढें बँजो वाजूं लागला कीं लहानथोरांचीं पावलें आपोआप हलूं लागतात. परंतु घरच्या मुलानें गिटार किंवा कॅसिओ मागितला, तर "हें कांहीं संगीत नव्हे" असें म्हणून वडीलधारी मंडळी विषय मिटवितात. ह्या म्हणण्यांत तथ्य किती, हें आज आपण पाहूं.

१९९४ सालीं मुंबईंत 'पेंटाग्राम' नांवाचा वाद्यवृंद निघाला. विशाल ददलानी हे त्याचे गायक व रँडॉल्फ कोरिया हे गिटारवादक. आरंभीं त्यांचें संगीत रॉक पद्धतीचें होतें. पुढें गिटारीच्या जोडीला सिंथेसायझरचे स्वर व यंत्राचे ताल आले. २००५ सालीं इंग्लंडांतील ग्लास्टनबरीच्या महोत्सवांत ते वाजवून आले. कोरिया ह्यांनीं नंतर मोनिका डोग्रा ह्यांच्यासह 'शायर अँड फंक' ही जोडी उभी केली व नृत्यास अनुकूल असा हाच मार्ग पुढें नेला.

हीं दोन वाद्यें एकत्र कशीं नांदतात? विजेच्या गिटारीची पोलादी तार लोहचुंबकाजवळ कंप पावते, आणि तेणेंकरून शेजारच्या वेटोळ्यांत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. सिंथेसायझरमध्यें तारही नाहीं व भाताही नाहीं. त्यांतील विद्युत्‌रचना स्वतःच कंपयुक्त प्रवाह निर्माण करते. वादक त्यास गाळून इष्ट रूप देतो. दोहोंचा ध्वनि अखेर कर्ण्यांतूनच बाहेर पडतो, म्हणून त्यांची संगत जमते. तार बोटांचा जिवंतपणा देते, यंत्र न थकतां ठेका धरतें; नाचणाऱ्यास दोहोंची गरज असते.

आतां परकेपणाचा प्रश्न. आपली बाजाची पेटी तरी कोठची? ती १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें जन्मली. तिच्यांत मींड निघत नाहीं, ह्या व अशा आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. आज भजनांत व कीर्तनांत तिला परकी कोण म्हणेल?

पालकांस आमची विनंति इतकीच, कीं वाद्य घेऊन देणें न देणें हें ऐपतीवर असो, पण ऐकल्यावांचून निंदा नसावी. आणि विद्यार्थीमित्रहो, बटण दाबणें म्हणजे वाजविणें नव्हे. यंत्राचा ठेका उसना आहे. स्वर व ताल ओळखणारा कान मात्र ज्यानें त्यानें स्वतःच कमवावा लागतो.