मोटारीचे ब्रेक-पॅड केव्हां बदलावे?

बोरघाट उतरून खोपोलीस येणारा मोटारमालक ‘ब्रेक तर उत्तम लागतो’ असें म्हणून निश्चिंत असतो. ही निश्चिंती फसवी आहे. ब्रेक दाबला, कीं चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी दोन पॅडांच्या चिमट्यांत सांपडते. घर्षणानें वेगाची उष्णता होते आणि पॅड किंचित् झिजतो. पण दट्ट्या तितकाच पुढें सरकत असल्यामुळें पायाला फरक जाणवत नाहीं.

म्हणून थर डोळ्यांनीं पाहणें हेंच खरें गमक. नव्या पॅडचा थर साधारणतः १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला, कीं पॅड बदलावा. चाकाच्या फटींतून बहुधा बाहेरचाच पॅड दिसतो. आंतला पुष्कळदां अधिक झिजलेला असतो; यास्तव चाक काढून दोन्ही पाहावे.

कित्येक पॅडांना पोलादी पट्टी असते. थर संपत आला, कीं ती तबकडीस घासून किंचाळते. पावसाळी रात्रीनंतर सकाळीं ऐकूं येणारा व चार-दोन ब्रेकांत थांबणारा आवाज मात्र बहुधा तबकडीवरील गंजाचा असतो. जाड खरखर ऐकूं आली, तर धातूवर धातू घासत आहे असें समजून गाडी पुढें नेऊं नये.

पॅड झिजतो तसतसें ब्रेक-ऑइल दट्ट्यामागें जाऊन टांकींतील पातळी उतरते. अशा वेळीं गळती व पॅड न तपासतां वरून तेल ओतणें म्हणजे मिळालेली सूचना पुसून टाकणें होय.

एका आंसावरील दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावे, आणि तेंहि घाट चढण्यापूर्वीं.