भोपळ्याची जखम

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या वस्त्यांमध्ये घरोघरी पायऱ्यांवर केशरी भोपळे येऊन बसतात. डोळ्यांच्या जागी दोन त्रिकोण, तोंडाच्या जागी दातेरी खाच आणि आत दिवा. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन साजरा होतो आणि त्यानंतर चार-सहा दिवसांतच या चेहऱ्यांवर अवकळा येते. गाल बसतात, तोंड आत वळतं, डोळ्याच्या कडेला राखाडी लव उगवते. तिकडच्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टापायी हा खटाटोप होतोच. २०२४ साली तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. भोपळा कसा कोरावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला मात्र कोरून झाल्यावर जे घडतं ते अधिक मोलाचं वाटतं. सूक्ष्मजीवशास्त्राचा इतका चांगला धडा दारातल्या पायरीवर, डोळ्यांदेखत, क्वचितच मिळतो.

अखंड भोपळा टिकतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कोकणात लाल भोपळे आणि कोहळे घराच्या वाशांना टांगून ठेवतात आणि ते महिनोन्‌महिने पुरतात. पिकलेल्या कोहळ्यावरची पांढरी भुकटी म्हणजे मेण. हॅलोवीनचा भोपळा ‘कुकुर्बिटा पेपो’ या जातीचा आणि आपला लाल भोपळा बहुतेक करून ‘कुकुर्बिटा मोशाटा’ जातीचा. दोघे एकाच कुळातले, मूळचे अमेरिका खंडातले. दोघांच्याही सालीवर क्युटिन आणि मेण यांचा पातळ थर असतो. हा थर आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरच्या बुरशीला आत शिरू देत नाही. तोडणी झाल्यावर शेतकरी भोपळे २७ ते २९ अंश सेल्सियसच्या उबेत साधारण दहा दिवस ठेवतात. तेवढ्या काळात साल घट्ट होते, बारीकसारीक ओरखडे भरून येतात. पुढे १० ते १३ अंशांत, कोरड्या हवेशीर जागी, भोपळा दोन-तीन महिने राहतो. देठ मात्र शाबूत हवा. देठ निखळला की तिथे उघडं भोक राहतं आणि सड तिथूनच आत जाते. भोपळा देठाला धरून उचलू नये म्हणतात, ते यासाठी.

वेलीवर असताना भोपळ्याला जखम झाली तर तो ती स्वतः बुजवतो. अमेरिकेत शेतावरची मुलं उन्हाळ्यात, भोपळा हिरवा आणि लहान असताना, खिळ्याने त्यावर आपलं नाव ओरखडतात. जखमेखालच्या पेशी भराभर विभागतात, त्यांच्या भिंतींत लिग्निनसारखी टणक द्रव्यं भरतात आणि खपली धरते. फळ वाढतं तशी अक्षरंही मोठी होत जातात. ऑक्टोबरात पाहावं तर केशरी सालीवर खरखरीत, बदामी, उठावाची अक्षरं. बोटाने वाचता येतील इतकी स्पष्ट. या भोपळ्याला कोरल्याचा काहीही त्रास होत नाही, कारण वेल त्याला अन्न पुरवत असते आणि जखम साल ओलांडून आत गेलेली नसते.

हॅलोवीनच्या भोपळ्याचं तसं नाही. तो वेलीपासून तुटलेला असतो आणि सुरी थेट पोकळीपर्यंत गेलेली असते. गरात ९० टक्क्यांहून अधिक पाणी, थोडी साखर आणि आम्लता अगदी कमी. लिंबात फार थोडे जिवाणू तग धरतात. भोपळ्याच्या गरात बहुतेकांची चंगळ होते. भोपळ्याचा शिजवलेला गर घरी बाटल्यांत भरून साठवू नका, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं, त्यामागेही हेच कारण आहे.

पहिल्या एक-दोन दिवसांतला मऊपणा सडण्याचा नसतो. कापलेल्या कडांमधून पाणी उडून जातं, पेशींमधला ताण उतरतो आणि दातांची टोकं आत वळतात. खरे पाहुणे त्यानंतर येतात. खरं तर ते आलेलेच असतात: हवेतून, सुरीवरून, कोरणाऱ्याच्या हातांवरून बुरशीचे बीजाणू पहिल्याच दिवशी कापलेल्या भागावर उतरलेले असतात. ओल मिळाली की ते रुजतात, धागे सोडतात आणि त्या धाग्यांतून विकरं पाझरू लागतात. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे. बुरशीची विकरं नेमकं हे पेक्टिन विरघळवतात. पेक्टिन गेलं की भिंतीतला चुना निघून जावा तशी गत होते. विटा असतात, पण भिंत उभी राहत नाही.

या वेळी हातात साधं भिंग घ्यावं. पारदर्शक, उंच, कापसासारखे धागे आणि प्रत्येकाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढाही नसलेला काळा ठिपका दिसला तर तो ऱ्हायझोपस किंवा त्याचा भाऊ म्युकर. त्या एकेका ठिपक्यात हजारो बीजाणू भरलेले असतात. शेजारी निळसर हिरवी भुकटी आणि तिच्याभोवती पांढरी किनार असेल तर ती पेनिसिलियम. पांढरी किनार म्हणजे ताजी वाढ, तिथे अजून बीजाणू धरलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहिलं की तीच जागा निळी झालेली असते आणि किनार आणखी बाहेर सरकलेली असते. मुलांना पेन्सिलीने ती हद्द कागदावर काढायला सांगावी. बुरशीची वाढ मोजणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नाकाला रुमाल मात्र हवा, आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी लांबूनच पाहावं.

शेवटचा हात जिवाणूंचा. पेक्टोबॅक्टेरियमसारखे जिवाणू मऊ झालेल्या गराचं अक्षरशः पाणी करतात. वास सुटतो, तळ ओला होतो आणि एका सकाळी टोपण आत पडलेलं असतं.

हे लांबवण्यासाठी लोक नाना उपाय करतात. सौम्य ब्लीचच्या पाण्यात भोपळा बुडवला तर पृष्ठभागावरचे बीजाणू मरतात, पण ब्लीचमधला क्लोरीन गराशीच अभिक्रिया करून संपून जातो आणि नवे बीजाणू हवेतून येतच राहतात. कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावलं तर पाणी उडणं कमी होतं, पण बुरशी मरत नाही. शिवाय आत खरी ज्योत असेल तर व्हॅसलीन पेटू शकतं. सर्वांत खात्रीचा उपाय गारव्याचा: रात्री भोपळा फ्रिजमध्ये. गोठवायचा मात्र नाही. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात आणि वितळल्यावर भोपळा लगद्यासारखा बसतो. मेणबत्तीही त्याची वैरीणच, कारण तिच्या उष्णतेने आतला गर हळूहळू शिजतो आणि शिजलेला गर बुरशीला आणखी सोपा. मेणबत्ती लावायचीच असेल तर टोपणाला भोक हवं. तोंडातून गार हवा आत येते, तापून वरून निघून जाते, आणि ज्योत नीट जळते. भोक नसेल तर काजळी धरते आणि टोपण करपतं. घरात लहान मुलं असतील तर सरळ एलईडीचा दिवा ठेवावा. कोरण्यासाठीही स्वयंपाकघरातली टोकदार सुरी नको. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथल्या डॉक्टरांनी २००४ साली मृतदेहांच्या हातांवर चाचण्या करून दाखवलं होतं की भोपळा कोरायच्या छोट्या दातेरी करवतींपेक्षा या सुऱ्या हाताला कितीतरी खोल इजा करतात.

आता या कंदिलाच्या जन्माकडे वळू, कारण तिथेही सड आहेच. भोपळा अमेरिकेचा, पण हॅलोवीनचा कंदील आयर्लंड आणि स्कॉटलंडचा. तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर शलगम पोखरून, त्याला चेहरा कोरून आत दिवा ठेवत. शलगम भरीव आणि टणक, त्यामुळे पोखरताना हात भरून येत असणार. मेयो परगण्यातल्या आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या फिनटाउन गावचा असा एक कंदील आहे. १९४३ साली तो संग्रहालयात आला तेव्हा मूळ शलगम मोडकळीला आलं होतं, म्हणून त्याची प्लास्टरची प्रतिकृती करून ठेवली. खोल डोळे, विचकलेले दात, सुरकुतलेलं कपाळ. त्यापुढे आजचे भोपळे फारच सोज्वळ वाटतात.

हा कंदील समुद्रापार गेला त्यामागेही एक सड होती. १८४५ साली आयर्लंडच्या बटाट्याच्या शेतांवर एक रोग आला. पानं काळी पडली, जमिनीतले बटाटे कुजले. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगांनी गेली आणि आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१च्या जनगणनेतली सुमारे ८२ लाखांची लोकसंख्या १८५१मध्ये ६५ लाखांवर आली. ब्रिटिश राजवटीची धोरणं या हानीला जबाबदार होतीच, पण बटाटा कुजवणारा जीव होता फायटोप्थोरा इन्फेस्टन्स. २०१३ साली शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात वाळवून जपलेल्या बटाट्याच्या पानांतून त्याचा डीएनए मिळवला आणि त्या साथीचा वाण नेमका कोणता, हे ओळखलं. भोपळ्याला चेहरा कोरण्याची गंमत अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात आधीपासून होती. तिची सांगड हॅलोवीनशी पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकात आलेल्या आयरिश आणि स्कॉटिश लोकांमुळे. शलगमाच्या जागी भोपळा आला. तो मोठा, आतून पोकळ आणि पोखरायला सोपा होता.

फायटोप्थोरा दिसायला बुरशीसारखा असला तरी बुरशी नव्हे. त्याच्या पेशीभित्तिकेत बुरशीसारखं कायटिन नसून सेल्युलोज असतं आणि त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी जवळचं आहे. म्हणूनच बुरशीवरची अनेक औषधं त्याच्यावर चालत नाहीत. विदर्भातल्या संत्रा उत्पादकांना हे नाव नवं नाही. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक ओघळायला लावणारा ‘डिंक्या’ हा याच फायटोप्थोराच्या जातींचा रोग, आणि पावसाळ्याच्या आधी बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावतात ती त्याच्याचसाठी.

अमेरिकेत भोपळ्याच्या उत्पादनात इलिनॉय राज्य सर्वांत पुढे आहे. तिथल्या भोपळ्यांचा एक मोठा शत्रू आहे फायटोप्थोरा कॅप्सिसी, आयर्लंडचा बटाटा कुजवणाऱ्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याची पहिली नोंद १९२२ साली न्यू मेक्सिकोतल्या मिरचीवर झाली. शेतात पाणी साचलं की त्याचे बीजाणू दोन शेपट्या हलवत त्या पाण्यातून पोहत पुढच्या वेलीपर्यंत जातात. भोपळ्यावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा थर येतो आणि आतून फळ खचतं. त्याचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, त्यामुळे एक-दोन वर्षं पीक बदलून भागत नाही. कधी कधी लागण झालेला भोपळा तोडताना धडधाकट दिसतो आणि बाजारात किंवा घरी आल्यावर बसतो. जो कंदील एका फायटोप्थोरामुळे समुद्र ओलांडणाऱ्यांबरोबर अमेरिकेत रुजला, त्याचा भोपळा आज दुसरा फायटोप्थोरा शेतातच कुजवतो आहे. विज्ञानाच्या इतिहासात अशा गाठी फार थोड्या सापडतात.

भोपळ्याची गोष्ट याहूनही फार मागे जाते. मेक्सिकोच्या ओहाका राज्यातल्या गिला नाकीत्स या गुहेत सापडलेल्या, माणसाने लागवड केलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. त्याआधीचे रानभोपळे मुठीत मावतील एवढे आणि जहर कडू होते. फ्लोरिडात मिळालेल्या मास्टोडॉनच्या, म्हणजे हत्तीच्या नामशेष नातेवाइकाच्या, जुन्या शेणात या रानभोपळ्यांच्या बिया आहेत. कडूपणा लहान प्राण्यांना दूर ठेवत होता आणि अवाढव्य प्राण्यांना तो फारसा बोचत नव्हता. टणक साल फोडून बिया दूरवर नेऊन टाकायचं काम त्यांचं. ते प्राणी संपले, आणि पुढे हे काम माणसाने अंगावर घेतलं.

राहता राहिला चेहरा. दोन त्रिकोण आणि एक खाच एवढ्यावर आपल्याला माणूस कसा दिसतो? चेहरा शोधण्याची सवय मेंदूत फार खोल आहे. जन्माला येऊन काही मिनिटंच झालेली बाळंसुद्धा चेहऱ्यासारख्या मांडणीकडे जास्त वळून पाहतात, असं १९७५ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. निर्जीव वस्तूंत भासणाऱ्या चेहऱ्यांनाही मेंदू आधी खऱ्या चेहऱ्याचाच मान देतो आणि जेमतेम पाव सेकंदात आपली चूक सुधारतो. कंदिलात आणखी एक गोष्ट घडते. माणसाचे डोळे आणि तोंड गालांपेक्षा गडद असतात. कंदिलात तेच उजळ आणि गाल काळे. फोटोच्या निगेटिव्हमध्ये ओळखीचा माणूसही चटकन ओळखू येत नाही, ते यामुळेच. चेहरा तर आहे, पण उजेड-अंधाराची अदलाबदल झालेली. माझ्या मते भोपळ्याची भीती वाटते ती या उलटापालटीमुळे, दातांमुळे नव्हे.

हॅलोवीन झाल्यावर हे भोपळे कचऱ्याच्या पिशवीत घालून कचराभूमीत पाठवणं मात्र चूक आहे. तिथे मातीखाली, प्राणवायूवाचून कुजताना त्यांच्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. इलिनॉयमधल्या काही गावांत हॅलोवीननंतरच्या शनिवारी लोक जमून भोपळे फोडतात आणि ते खतासाठी देतात. हा उत्तम प्रघात आहे. आपल्या नात्यातलं कुणी तिकडे असेल तर त्यांना एवढं जरूर कळवा: कोरण्याआधी बिया काढून धुऊन भाजून ठेवा, दारात राहिलेल्या भोपळ्याचा गर खाऊ नका, त्यावरचा रंग, चमकी आणि मेण खरवडून टाका, आणि पहिली लव दिसली की तुकडे करून कोरड्या पानांबरोबर कंपोस्टच्या ढिगात घाला.