काळ्या दारूचा संयमी छंद

घोडा ओढला जातो, मोठा बार होतो आणि नेमबाजासमोर पांढऱ्या धुराचा दाट पडदा उभा राहतो. पाचशे मीटरवरचा पोलादी मेंढा पडला की नाही, हे त्याला लगेच कळत नाही. गोळीला तेथवर पोहोचायला सुमारे दीड सेकंद लागतो आणि पोलादावरचा आघात ऐकू यायला जवळपास तेवढाच. या तीन सेकंदांत जे ठरते, त्याची तयारी मात्र घरातल्या टेबलावर कित्येक संध्याकाळी चाललेली असते. अमेरिकेत काळ्या दारूची रायफल-काडतुसे स्वतःच्या हाताने भरण्याचा छंद जोपासणारी मंडळी आहेत. नेम धरण्याइतकेच महत्त्व ती या तयारीला देतात.

सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण म्हणजे काळी दारू. फ्रान्समध्ये १८८४ साली पॉल व्हिएय याने रायफलीसाठी बिनधुराची दारू तयार केली आणि पुढच्या काही वर्षांत सैन्यांनी काळ्या दारूला निरोप दिला. त्याआधीच्या काळातले सर्वांत गाजलेले अमेरिकी काडतूस म्हणजे १८७३ चे ‘४५-७०’. नावातच त्याचे वर्णन आहे. गोळीचा व्यास सुमारे ०.४५ इंच आणि दारू ७० ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. ही दारू शिशाची ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमची गोळी फेकत असे.

काजळीशी झुंज

या छंदातला खरा प्रतिस्पर्धी समोरचा नेमबाज नसून काजळी असते. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात उरतो. त्यातला काही धूर होऊन बाहेर पडतो, तर काही नळीच्या आत चिकटतो. हवा कोरडी असेल तर हा थर कडक होतो आणि पुढच्या गोळीची दिशा बिघडवतो. म्हणूनच गोळीच्या खाचांत मेण आणि चरबी यांचे वंगण भरलेले असते. ते थर मऊ ठेवते. अनेक नेमबाज दोन बारांच्या मध्ये एका नळकांड्यातून रायफलीच्या नळीत फुंकर मारतात. श्वासातला ओलावाही येथे उपयोगी पडतो.

काडतूस भरण्याची रीतही याच हिशेबाने ठरलेली आहे. वापरलेली पितळी पुंगळी धुऊन, मापात आणून, तिच्या बुडाशी नवी ठिणगी-टोपी बसवली जाते. दारू तोलून एका लांब, अरुंद नळीतून हळूहळू सोडतात. उंचीवरून पडताना कण एकमेकांत नीट बसतात. त्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवून दारू किंचित दाबली जाते आणि मग गोळी बसते. शिसे आणि कथील वितळवून ही गोळीही बहुधा घरीच ओतलेली असते आणि एकेक करून तोललेली असते. एवढा काटेकोरपणा का? गोळी जड आणि संथ, त्यामुळे तिचा मार्ग कमानीसारखा असतो. वेगात थोडा फरक पडला, तरी लांबच्या लक्ष्यावर ती हातभर वर किंवा खाली जाते.

चुकीला माफी नाही

दोन चुका मात्र नेम चुकण्यापुरत्या मर्यादित राहत नाहीत. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर दाबाने नळी फुगून रायफल कायमची निकामी होऊ शकते. दुसरी चूक त्याहून भयंकर. बिनधुराच्या दारूत त्याच आकारमानात कितीतरी अधिक शक्ती असते. काळ्या दारूच्या मापाने ती पुंगळीत भरली, तर रायफल नेमबाजाच्या चेहऱ्याजवळच फुटण्याचा धोका असतो. म्हणून टेबलावर एका वेळी एकच दारू, हा या मंडळींचा पहिला नियम. काम संपल्यावरही सुटका नाही. उरलेली काजळी ओलावा ओढून घेते आणि पोलाद गंजवते. त्यामुळे रायफल आणि पुंगळ्या त्याच दिवशी धुवाव्या लागतात.

या शिस्तीचे मोल १८७४ मध्येच दिसले होते. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर अमेरिकी आणि आयरिश संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. आयरिश नेमबाजांकडे ठासणीच्या रायफली, तर अमेरिकनांकडे मागून काडतूस भरण्याच्या. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ असा निसटता विजय मिळवला. त्यात एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या लक्ष्यावर लागली होती. आजच्या स्पर्धांत एकोणिसाव्या शतकातील घडणीच्या एकबारी रायफलींनी २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा अशा पोलादी आकृत्या पाडाव्या लागतात.

छंद जुना असला, तरी तो आजच्या बाजारावर अवलंबून आहे. ‘गोएक्स’ ही दारू बनवणारा लुइझियानातील कारखाना बंद करण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली, तेव्हा नेमबाज हवालदिल झाले. पुढच्या वर्षी ‘एस्टेस’ कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला आणि जीव भांड्यात पडला.

भारतात काडतुसे तयार करणे हा मोकळा छंद नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. तरीही या छंदातले एक तत्त्व कोणत्याही कारागिराला ओळखीचे वाटेल. ज्याने काडतूस भरले, तोच बार उडवतो. मेंढा उभाच राहिला तर दोष द्यायला दुसरे कोणी नसते. धूर विरतो, नेमबाज वहीत नोंद करतो आणि पुढच्या संध्याकाळी पुन्हा तराजूपाशी बसतो.