मातृभाषेच्या रकान्यात काय लिहाल?

'तुम्ही कुठले?' असे विचारले की आपल्यापैकी बहुतेक जण गावाचे नाव सांगतात. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत गाव आडनावातच असते: महाडकर, पनवेलकर, श्रीवर्धनकर. काही आडनावे गावातल्या जबाबदारीची आहेत: काझी, मुकादम, खोत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केपटाउनला गेलेल्या कोकणी मुसलमानांनी तिथेही आपापल्या गावांच्या नावाने मंडळे काढली. समुद्र ओलांडला, पण गाव सुटले नाही.

गावाशी नाते केवळ जन्माने जुळते असेही नाही. मालेगावच्या अनेक मोमीन विणकरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आले. त्यांनी माग इथे मांडला, मुलांचे निकाह इथे लावले, बुजुर्गांना इथल्याच कब्रस्तानात दफन केले. त्यांची पतवंडे आज स्वतःला मालेगावचीच म्हणवतात. रोजी, शेजार आणि कबरी यांनी माणूस गावाचा होतो.

या ओळखीतली सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे घरची बोली. कोकणात आई लेकराशी कोकणीत बोलते, मराठवाड्यात दखनीत. दखनीतला 'नक्को' हा आपल्या मराठीतला 'नको'च आहे. शेजाऱ्यांशी शतकानुशतके झालेली देवाणघेवाण अशा शब्दांत जपलेली असते. तरीही शाळेच्या प्रवेश अर्जावर मातृभाषा विचारली की बरेच पालक विचार न करता 'उर्दू' सांगतात. कारण समजते: शाळेचे माध्यम उर्दू, दीनी किताबे उर्दूत. मी स्वतः उर्दू शिकवते, त्या भाषेवर माझे प्रेम आहे. पण बोलीला गावंढळ समजून आपण ती मुलांसमोर बोलणे टाळतो, तेव्हा दादीच्या म्हणी, अंगाई आणि थट्टा नातवंडांपर्यंत पोहोचत नाहीत.

आता 2027 ची जनगणना जाहीर झाली आहे. जनगणनेतली मातृभाषेची व्याख्या अगदी साधी आहे: लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली, ती मातृभाषा. तिथे शाळेचे माध्यम किंवा धर्म विचारलेला नसतो. 1961 मध्ये देशभरात 1,652 मातृभाषांची नोंद झाली, कारण लोकांनी आपापल्या बोलीची नावे सांगितली.

बोलीचे नाव सांगितल्याने उर्दूचे नुकसान होईल, ही भीती अनाठायी आहे. आजवरच्या जनगणनेत मातृभाषेशिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषांची नोंद घेतली जात आली आहे. आईची बोली पहिल्या रकान्यात, उर्दू आणि मराठी पुढच्या दोन जागी. तिन्ही आपल्याच आहेत.

प्रगणक दारात येण्याआधी घरात एकदा बसा. 'आई तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलायची?' हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणि त्या भाषेतल्या चार गोष्टी मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.