मोटारीच्या इंधन प्रणालीची स्वच्छता

मोटारीच्या टाकीपासून ज्वलनकक्षापर्यंत इंधन वाहून नेणाऱ्या भागांत साचलेला मळ, चिकट थर व काजळी काढून टाकण्याच्या क्रियेस इंधन प्रणालीची स्वच्छता असे म्हणतात. हे काम सेवा केंद्रात पैसे मोजून करून घेता येते. मात्र त्यातील काही भाग वाहनमालक स्वतःही करू शकतो.

रचना

पेट्रोल मोटारीत टाकीतील विद्युत पंप इंधनाला गाळणीतून (फिल्टर) इंजेक्टरकडे ढकलतो. इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून इंधनाचा फवारा उडतो. भारतात २००० सालच्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक झाले व नव्या मोटारींतून कार्बोरेटर मागे पडून इंजेक्टर रूढ झाले. एमपीएफआय पद्धतीत फवारा आत घेणाऱ्या झडपेच्या मागील बाजूवर पडतो, तर थेट अंतःक्षेपण पद्धतीत तो सरळ ज्वलनकक्षात जातो. स्वच्छतेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

मळ साचण्याची कारणे

तापलेले इंजिन बंद केल्यावर इंजेक्टरच्या टोकाशी उरलेले पेट्रोल उडून जाते व त्यातील जड घटकांचा थर मागे राहतो. वारंवार लहान अंतराचे प्रवास केल्यास हा थर वाढतो. गाडी अनेक महिने उभी राहिल्यास पेट्रोलचे ऑक्सिडीकरण होऊन डिंकासारखा पदार्थ तयार होतो. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात.

लक्षणे

इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, उभ्या गाडीत इंजिन थरथरणे, वेग वाढवताना हिसके बसणे व इंधनाचा खप वाढणे ही प्रमुख लक्षणे होत. मात्र जुने स्पार्क प्लग, तुंबलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेला सेन्सर यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. म्हणून या भागांची तपासणी आधी करावी.

घरी करता येण्याजोगी कामे

पेट्रोलमध्ये मिसळावयाचे स्वच्छक द्रव बाजारात मिळतात. त्यांपैकी पॉलिइथरअमाईन हा घटक असलेले द्रव काजळीच्या थरांवर परिणामकारक मानले जातात. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात द्रव आधी टाकीत ओतून मग पेट्रोल भरावे, म्हणजे ते नीट मिसळते.

गाळणी टाकीबाहेर असेल, तर ती बदलता येते. प्रथम इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे नळीतील दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी व इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. नवी गाळणी तिच्यावरील बाणाची दिशा इंजिनाकडे राहील अशी बसवावी. काम झाल्यावर जोडांतून गळती होत नाही याची खात्री करावी.

मर्यादा

थेट अंतःक्षेपणाच्या इंजिनात पेट्रोल झडपांना स्पर्शच करीत नसल्याने टाकीत ओतलेल्या द्रवाने झडपांवरील काजळी निघत नाही. ती काढण्यासाठी कार्यशाळेत अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधनाचा दाब १,५०० बारच्याही वर जाऊ शकतो. अशा नळीतून सुटलेली चिळकांडी त्वचा भेदून शरीरात शिरते व वरून जखम लहान दिसली, तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. त्यामुळे ही प्रणाली घरी उघडू नये.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. काम मोकळ्या हवेत करावे व कोरड्या पावडरीचे अग्निशामक जवळ ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतल्यास आग पसरते. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची प्रथा धोकादायक आहे, कारण थोडेसे पेट्रोल फुप्फुसांत गेले तरी गंभीर दाह होतो. काढलेले इंधन गटारात ओतू नये.

खर्चाचा विचार

अनेक मोटारींच्या पुस्तिकेतील देखभाल तक्त्यात इंजेक्टरची स्वच्छता ही ठरावीक काळाने करण्याची बाब म्हणून दिलेली नसते. सेवा केंद्राने ती सुचविल्यास नेमके कोणते लक्षण आढळले व कोणती पद्धत वापरणार, हे विचारणे योग्य ठरते. वाहन हमीच्या मुदतीत असेल, तर स्वतः काम करण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात.