शर्यतीतले मृत्यू आणि चारोटीचा कठडा

उदवाड्याहून मुंबईला निघालेली गाडी वापी, भिलाड मागे टाकते आणि अच्छाडला महाराष्ट्रात शिरते. पुढे तलासरी, मग चारोटी आणि सूर्या नदीवरचा पूल. ४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास, याच वाटेने आलेली एक मर्सिडीज या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसलेले सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

गाडीतल्या यंत्रणेने नोंदवलेली माहिती कंपनीने पुढे तपासासाठी दिली. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता, मग ब्रेक दाबला गेला आणि धडकेच्या क्षणी तो ८९ होता. वाचताना वाटते, बराच कमी झाला की. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. शंभराचे ८९ झाले तेव्हा ऊर्जा जेमतेम एकपंचमांश घटली; उरलेली सगळी कठड्यापर्यंत पोचली. सुमारे ३१ मीटरवरून, म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीवर ज्या वेगाने आदळते, तोच हा वेग.

नंतर काही आठवडे वाद रंगला. एक बाजू म्हणत होती, बेल्ट लावला असता तर वाचले असते. दुसरी बाजू पुलाकडे बोट दाखवत होती: तीन पदरांचा रस्ता पुलाशी येऊन दोन पदरांचा होतो आणि कठड्याचे काँक्रीट थेट धावत्या गाडीच्या समोर येते. दोन्ही बाजूंचे बरोबर होते. मोटार शर्यतींच्या जगाला हा वाद जुना आहे, कारण चूक माणसाची की भिंतीची, हा प्रश्न तिथे जवळजवळ प्रत्येक मृत्यूनंतर विचारला गेला आहे. शर्यतीत गेलेल्या चालकांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाची वळणे आहेत, चाहते तिथे फुले वाहतात. मला मात्र त्यांच्या आठवणीचा दुसरा प्रकार जास्त मोलाचा वाटतो. तो गाड्यांच्या आणि रस्त्यांच्या रचनेत मुरलेला आहे, आणि आपण त्यावर रोज बसतो.

बेल्टपासूनच सुरुवात करू. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझाच्या ट्रॅकवर सराव करताना योखेन रिंटची लोटस गाडी पॅराबोलिका वळणाआधी कठड्यात घुसली. रिंटने बेल्ट लावला होता, पण अर्धवट. गाडी पेटली तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून मांड्यांमधून जाणारे पट्टे तो लावत नसे. धडकेत त्याचे शरीर पट्ट्यांखालून पुढे घसरले आणि बकलने गळ्यालाच इजा केली. त्या मोसमात त्याचे गुण इतके होते की उरलेल्या शर्यतींत त्याला कोणी गाठू शकले नाही. मृत्यूनंतर विश्वविजेता ठरलेला फॉर्म्युला वनचा तो एकमेव चालक.

बेल्ट शरीराला थांबवतो, यापेक्षा तो शरीराला थांबायला अंतर मिळवून देतो असे म्हणणे जास्त नेमके आहे. ताशी ८९ किलोमीटरने जाणारी गाडी आदळते तेव्हा तिचा पुढचा भाग चुरगळत जातो. बेल्टने बांधलेला माणूस त्या चुरगळण्याबरोबर, समजा, ७० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४५ पट, म्हणजे ४५ जी इतका भार येतो. भयंकर, पण काही मिलिसेकंद सोसता येण्याजोगा. बेल्ट नसलेला माणूस गाडी थांबत असतानाही मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि पुढच्या सीटच्या कडक भागावर पाच सेंटिमीटरमध्ये थांबतो. तेव्हा हा आकडा सहाशेच्या वर जातो. मागची सीट सुरक्षित, हा आपल्याकडचा समज पुढच्या सीटच्या पाठीवर असा आदळतो. शिवाय तो भार पुढच्या प्रवाशाच्या पाठीवरही पडतो, ते वेगळेच.

पण सगळे पट्टे घट्ट बांधले तरी एक अवयव मोकळाच राहतो, तो म्हणजे डोके. हेल्मेटसह त्याचे वजन सहा किलो धरले, तर ६० जीच्या धडकेत मानेवर ३६० किलोची ओढ बसते. धड बांधलेले, डोके पुढे फेकलेले. कवटीचा तळ, जिथे ती मणक्यावर टेकते, तिथेच तडकतो. १९८१ मध्ये पात्रिक जाकमार हा फ्रेंच चालक अमेरिकेत मिड-ओहायोच्या ट्रॅकवर चाचणी घेताना असाच गेला. त्याचा मित्र जिम डाऊनिंग स्वतः शर्यतपटू होता, आणि डाऊनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचा प्राध्यापक. मित्राचा मृत्यू आणि घरातला प्राध्यापक, अशा योगातून ‘हान्स’ नावाचे साधन जन्मले. खांद्यावर, बेल्टच्या पट्ट्यांखाली बसणारी एक कडक कॉलर आणि तिला हेल्मेट बांधणारे दोन लहान पट्टे. एवढेच. डोके धडाबरोबर थांबते आणि मानेवरची ओढ कॉलरवाटे बेल्टकडे जाते.

यानंतर काय व्हावे? सगळ्यांनी आनंदाने वापरायला हवे होते. तसे झाले नाही. अवघडते, मान वळत नाही, बाहेर पडायला वेळ लागतो. रिंटची कारणे नव्या तोंडांतून ऐकू येत राहिली. १९९४ मध्ये इमोलाच्या ट्रॅकवर रोलंड रात्झेनबर्गर कवटीचा तळ तडकूनच गेला. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळला. सात वेळचा विजेता, अमेरिकी नॅस्कारचा दादा माणूस, आणि हान्सची उघड टिंगल करणारा. निदान तेच निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॅस्कारने डोके-मान रोखणारे साधन सक्तीचे केले, २००३ पासून फॉर्म्युला वनने हान्स. जाकमारपासून सक्तीपर्यंत वीस वर्षे गेली, तेव्हा शर्यतीच्या जगाला फार शहाणे म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही.

आता भिंतीकडे. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत माईक हॉथॉर्नने पिटमध्ये शिरण्यासाठी जॅग्वारचा ब्रेक दाबला, मागची ऑस्टिन-हिली बाजूला सरकली आणि तिच्यावर चढून पिएर लवेघची मर्सिडीज प्रेक्षकांत जाऊन फुटली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. स्वित्झर्लंडने तर शर्यतींवर बंदीच घातली. लवेघचा जोडीदार जॉन फिच तेव्हा आपली पाळी यायची वाट पाहत होता. हा अमेरिकी गडी दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवलेला. त्या संध्याकाळी मर्सिडीजने शर्यतीतून माघार घ्यावी असा आग्रह त्याने धरला. पुढचे आयुष्य त्याने धडक मऊ कशी करावी या ध्यासात घालवले आणि साठीच्या दशकात वाळूची पिंपे घेऊन आला.

फिचची युक्ती शाळेतल्या संवेगाच्या नियमावर उभी आहे. पुलाच्या खांबासमोर किंवा कठड्याच्या टोकाशी प्लास्टिकची पिंपे रांगेने ठेवायची. पहिल्यात थोडी वाळू, पुढच्यात अधिक, शेवटच्यात भरपूर. गाडी पहिल्या पिंपावर आदळते, पिंप फुटते, वाळू उडते आणि उडताना गाडीचा थोडा वेग घेऊन जाते. दोन टन वजनाची गाडी ८९ च्या वेगाने आली असे धरा. शंभर किलोच्या वाळूशी तिचा वेग ८५ होईल, दोनशे किलोनंतर ७७, तीनशेनंतर ६७, सहाशेनंतर ५२, बाराशेनंतर ३२. भिंत तीच, पण तिच्यापर्यंत पोचणारी ऊर्जा मूळच्या सुमारे तेरा टक्के. यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, सेन्सर नाहीत. प्लास्टिक आणि वाळू! नदीवरच्या पुलाजवळ वाळूची टंचाई आहे असे निदान आपल्याकडे तरी कोणी म्हणू नये.

मिस्त्री यांच्या अपघातानंतर चारोटीच्या त्या जागी धडक शोषणारी उपकरणे बसवली गेली. ती पिंपांऐवजी दुमडत जाणाऱ्या धातूच्या रचनेची असोत, तत्त्व एकच: अंतर वाढवा, जी कमी करा. अपघात मोठ्या माणसाचा नसता तर ती बसली असती का, हा प्रश्न कडू आहे, पण विचारावाच लागतो.

इमोलाकडे पुन्हा जाऊ, कारण तिथे हाच प्रश्न उभा राहिला होता. ३० एप्रिल १९९४ रोजी रात्झेनबर्गर गेला आणि दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, विश्वविजेता आयर्टन सेना. सेनाच्या अंत्ययात्रेला साओ पाउलोत अफाट गर्दी लोटली. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे अध्यक्ष मॅक्स मॉस्ली मात्र साल्झबर्गला, नवख्या रात्झेनबर्गरच्या अंत्यविधीला गेले. सगळे सेनाकडे गेले तेव्हा कोणीतरी इथे यायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. मॉस्लींच्या आयुष्यात आक्षेपार्ह गोष्टी कमी नाहीत, पण ही एक खात्यावर जमा धरावी. न्यूरोसर्जन सिड वॉटकिन्स यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांची समिती बसली. चालकाच्या डोक्याभोवतीच्या भिंती उंचावल्या, तुटून उडणारी चाके दोराने बांधली गेली, धडक-चाचण्या कडक झाल्या. ट्रॅकवर जमते ते रस्त्यावर का नको, म्हणून महासंघाने साध्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांना बळ दिले. ‘युरो एनकॅप’चे पहिले निकाल १९९७ मध्ये लागले आणि तिचे अध्यक्षपद मॉस्लींकडेच होते. त्याच घराण्यातल्या ग्लोबल एनकॅपने २०१४ मध्ये भारतीय गाड्या आदळून पाहिल्या. खपाच्या पाच गाड्यांना शून्य तारे मिळाले आणि हलकल्लोळ झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाले. आज शोरूममध्ये गिऱ्हाईक ‘स्टार किती’ विचारते, त्यामागे इमोलाचा तो शनिवार-रविवारही आहे.

तारे मोजताना एक आकडा सोबत ठेवावा. समोरच्या धडकेची ही चाचणी ताशी ६४ किलोमीटरवर होते. ८९ ला ऊर्जा जवळजवळ दुप्पट असते. पाच तारे ६४ चे आहेत. अच्छाडचा नाका ओलांडून रिकाम्या रस्त्यावर ११० ला गाडी घालणाऱ्यासाठी ते दिलेले नाहीत.

ट्रॅक अजूनही माणसे खातो. फॉर्म्युला टूमध्ये २००९ साली निखळलेले चाक डोक्यात बसून हेन्री सर्टीझ गेला. अशा मृत्यूंमुळे २०१८ मध्ये चालकाच्या डोक्यावर टायटॅनियमची कमान, ‘हॅलो’, आली. रोमँ ग्रोजाँने तिला विरोध केला होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये तो ताशी १९२ किलोमीटरने, ६७ जीच्या भाराने कठड्यात घुसला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि तो सुमारे २८ सेकंदांनी ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. आपल्याकडे चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ८ जानेवारी २०२३ रोजी ५९ वर्षांचे अनुभवी चालक के. ई. कुमार गेले आणि त्याच वर्षी ५ ऑगस्टला बंगळुरूचा श्रेयस हरीश, मोटरसायकलवर, वयाच्या तेराव्या वर्षी. तेरा वर्षांच्या मुलाला त्या वेगाला बसवावे का, याचे उत्तर कोणत्याही कॉलरमध्ये नाही.

आणि जे ट्रॅकवर वाचले त्यांतले काही साध्या रस्त्यावर गेले. ल मान्सच्या त्या साखळीतला हॉथॉर्न १९५८ चा विश्वविजेता झाला, निवृत्त झाला आणि काही महिन्यांतच, जानेवारी १९५९ मध्ये, इंग्लंडमध्ये गिल्डफर्डच्या बायपासवर मेला. राष्ट्रीय फॉर्म्युला फोर विजेता अश्विन सुंदर आणि त्याची पत्नी १८ मार्च २०१७ रोजी चेन्नईत गेले. गाडी झाडावर आदळून पेटली होती.

चारोटीच्याच महामार्गावर, घोडबंदर ते दापचरी या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात, २०२२ साली, मिस्त्री यांच्या अपघाताच्या सुमारापर्यंत, २६२ अपघात आणि ६२ मृत्यू झाले होते, असे महामार्ग पोलिसांनी तेव्हा सांगितले.  महामार्गावर मरणारे सगळे गाडीत बसलेले नसतात. डिव्हायडरच्या कटमधून रात्री रस्ता ओलांडणाऱ्या पाड्यावरच्या माणसाला ना बेल्ट, ना कॉलर, ना वाळूची पिंपे.

त्याचेही गणित मांडता येते. ताशी ८० किलोमीटरने येणारा भरलेला ट्रक सेकंदाला २२ मीटर जातो. चालकाला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. मग थांबायला किमान ५० मीटर. एकूण ८३. खाली केलेल्या दिव्यांत काळसर कपड्यांतला माणूस साठ मीटरवर दिसला तरी नशीब. म्हणजे चालक सावध असो, कायदेशीर वेगात असो, न प्यालेला असो, तरी त्या कटवर दिवा नसेल तर धडक ठरलेली. फिर्यादीत मात्र तो हयगयीने आणि अविचाराने वाहन चालवत होता असेच बहुधा लिहिले जाते, आणि कटवर दिवा होता की नाही हे त्यात क्वचितच येते.