भिंतीवरची बाई कोण?

घरात जुनं तैलचित्र असलं की त्याच्याबरोबर एक आख्यायिकाही वारशाने येते. चित्रात कोण आहे हे कुणी छातीठोक सांगत नाही, पण चित्रकाराचं नाव सगळ्यांना पाठ असतं. एक तर धुरंधर, नाही तर राजा रविवर्मा. आमच्या वाईच्या वाड्यातली बाई धुरंधरांची. खुर्चीत बसलेली, नऊवारी नेसलेली, एक हात मेजावर, तीन फुटांचा कॅनव्हास आणि काळवंडलेली जड चौकट. वाटण्या झाल्या तेव्हा तांब्याची भांडी गेली, झोपाळा गेला, चित्र कुणालाच नको होतं. "पणजी आहे आपली, नीट ने," एवढं सांगून चुलतभावाने ते टेम्पोत चढवून दिलं.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. सातबारावर नाव आहे म्हणून जमीन त्याचीच, असं आम्ही लगेच मानत नाही, मागचे फेरफार काढतो. चित्राचे फेरफार त्याच्या पाठीवर असतात. म्हणून ते भिंतीवर न लावता आधी पालथं घातलं.

कॅनव्हासच्या मागे विन्सर अँड न्यूटनचा पुसट शिक्का निघाला. ही लंडनची रंगसाहित्याची कंपनी १८३२ची. तिच्या नावापुढे ‘लिमिटेड’ लागलं १८८२ मध्ये आणि माझ्या शिक्क्यात ते आहे, म्हणजे कॅनव्हास त्याआधीचा नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने अशा जुन्या विक्रेत्यांची पत्त्यांसह सूची प्रसिद्ध केली आहे. दुकानांचे पत्ते बदलत गेले, त्यामुळे शिक्क्यावरचा पत्ता वाचता आला तर काळ आणखी आवळता येतो. चौकटीवरची चिठ्ठी मात्र पुण्याच्या दुकानाची, पत्ता नुसता ‘पुणे २’. पिनकोड १९७२च्या ऑगस्टात आला, तेव्हा चौकट बहुधा त्याआधीची. पण चौकटीचं वय ते चित्राचं वय नव्हे. चौकटी बदलतात.

सही कुठेच नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तिथेच शिकवलं, आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने आठवणी लिहून ठेवल्या. चित्रावर सही करण्यात त्यांना संकोच नव्हता. औंधच्या टेकडीवरचं भवानी संग्रहालय आमच्याच सातारा जिल्ह्यात आहे. त्या काळातली अस्सल चित्रं तिथे जवळून बघितली आणि परतताना धुरंधरांचं नाव मनातल्या मनात खोडून टाकलं. आमच्या बाईचा चेहरा जीव ओतून केलाय, पण हात लाकडी आहे, आणि खुर्चीत ती बसलेली नसून ठेवलेली वाटते.

याचं कारण त्या काळाच्या धंद्यात आहे. जे. जे. १८५७ला सुरू झालं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ला. शतक संपेपर्यंत व्यक्तिचित्र करवून घेणं ही संस्थानिकांपुरती हौस उरली नव्हती, वकील-सावकारही ती करू लागले होते. पेस्तनजी बोमनजी, पिठावाला, त्रिंदाद ही मोठी नावं. त्यांच्याखाली पोटासाठी फोटोवरून चेहरे उतरवणारे कितीतरी होते. काही जण तर मोठ्या केलेल्या फोटोवरच रंग चढवत. भिंगाखाली अशा ‘तैलचित्रा’त रंगाखाली फोटो दिसतो. रविवर्म्याचं तर विचारूच नका. त्यांचा छापखाना १८९४ला मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून देव-देवता घरोघर पोचल्या. ज्याला घरचे ‘ओरिजिनल रविवर्मा’ म्हणतात त्यावर भिंग धरा. ब्रशच्या फटकाऱ्यांऐवजी ठिपके दिसले तर तो छाप आहे. मग घरात थोडी नाराजी होते, पण छापही जपण्यासारखाच असतो.

चित्रकाराचा नाद मी सोडला. बाई कोण, हा प्रश्न जास्त जवळचा होता. पोशाखावरून काळ ठरवावा म्हटलं, तर लांब बाह्यांचं पोलकं, नथ, गळ्यात तन्मणी. पण रंगवलेल्या दागिन्यांची साक्ष कच्ची. घरात नसलेला दागिनाही चित्रात घालून मिळत असे.

उत्तर नव्वदीच्या आत्याकडे निघालं. तिला मोबाईलवर चित्र दाखवलं तर म्हणाली, "अगं, ही आजी कशी असेल? आजीच हिला अविधवा नवमीला हळद-कुंकू लावून हार घालायची." भाद्रपद वद्य नवमीचं हे श्राद्ध सवाष्ण गेलेल्या बाईचं. जिवंत बाई स्वतःच्या तसबिरीला त्या दिवशी हार घालणार नाही. म्हणजे ही आमची पणजी नव्हेच. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे ती पणजोबांची पहिली बायको. आम्ही सगळे दुसरीच्या पोटचे, म्हणून पहिलीचं नावही उरलं नव्हतं.

नाव नाशिकला मिळालं. रामकुंडाच्या परिसरात तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की ते आपल्या घराण्याची वही काढतात. यात्रेकरू आपल्या हाताने कूळ, माणसं आणि येण्याचं कारण लिहून जात, जुन्या नोंदी बहुतेक मोडीत. मोडी मला नोकरीमुळे येते. पणजोबांच्या हातची नोंद सापडली, शके १८२३, मार्गशीर्ष, कुटुंबाच्या, म्हणजे बायकोच्या, अस्थी घेऊन आल्याची. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९. म्हणजे १९०१. प्लेग मुंबईत १८९६ला आला आणि पुढची कित्येक वर्षं सातारा-पुण्याकडची गावं माळावर झोपड्या बांधून राहत होती. नोंदीत मृत्यूचं कारण नाही, नुसतं नाव आहे.

ते सासरचं नाव. माहेरच्या कुलवृत्तांतात ती दुसऱ्याच नावाने निघाली, ‘वाईस दिली’ एवढ्या दोन शब्दांत. जुन्या बायकांचा शोध दोन नावांनी घ्यावा लागतो, हे ज्याने एकाच नावाने घेतला त्याला कधीच कळणार नाही. कुलवृत्तांतावरून तिच्या भावाचे नातू सापडले आणि त्यांच्या कपाटात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक घोळक्याचा फोटो. मागच्या रांगेत ती उभी, मान तशीच किंचित डावीकडे. गळ्यात मंगळसूत्र सोडून काही नाही. चित्रकाराने चेहरा तिथून उचलला, अंग स्वतःच्या सवयीने बसवलं आणि तन्मणी पदरचा घातला.

चित्राला पापुद्रे सुटत होते म्हणून मुंबईत एका जाणकार संवर्धकाला दाखवलं. अतिनील दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतरचे रंग काळे पडतात. कपाळावर काळा ठिपका दिसला. तो रंग नव्हताच. व्हार्निशवर वर्षानुवर्षं बसलेलं खरं कुंकू होतं, सवतीने लावलेलं. आत्याचं म्हणणं कागदाविना शाबीत झालं. ते तसंच ठेवायला सांगितलं. बटाट्याची फोड किंवा ओलं फडकं फिरवून चित्र ‘लख्ख’ करण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिने हा पुरावा एका दुपारी गेला असता. रंग गेले असते ते वेगळेच.

आता भाच्याला ते अमेरिकेत हवंय. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं चित्र खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग चित्रकार अनाम का असेना. त्याला उत्तम फोटो काढून पाठवला.

तुमच्या घरी असं चित्र असेल तर चित्रकाराच्या मागे नंतर लागा. आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि याला हार कधी घालत होते ते विचारा. जे कळेल ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा, तारीख घाला, आणि पाकिटात घालून चौकटीच्या मागे बांधा. कॅनव्हासवर काही लिहू नका. हे याच दिवाळीत करा, माणसं तेव्हा घरी असतात.